मोटारीच्या काचेतील न पुसले जाणारे ठिपके

गेल्या हिवाळ्यात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी या गावी आमच्या खात्याचा एक कार्यक्रम होता. कार्यक्रम आटोपून चहापान चालू असता गावातील एक शिक्षक जवळ आले आणि ‘साहेब, एक घरगुती गोष्ट विचारायची आहे,’ असे म्हणून त्यांनी प्रस्तुत लेखकास शाळेच्या आवाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मोटारीकडे नेले. मोटार जुनी होती. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती आपल्या धाकट्या चुलतबंधूंकडून विकत घेतली होती. गुरुजींनी खिशातून काळा चष्मा काढून लेखकाच्या हाती दिला व मागील काचेकडे पाहण्यास सांगितले. सूर्य मावळतीकडे झुकला होता. चष्म्यातून पाहताच त्या स्वच्छ काचेत काळसर, गोलसर ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा दिसू लागल्या. रुपयाच्या नाण्याएवढा एकेक ठिपका, आणि सर्व ठिपके असे शिस्तीत मांडलेले, की कोणी रांगोळीचे ठिपके काढावेत आणि रेघा जोडण्याचे विसरून जावे.

साबण, रॉकेल, लिंबू, चुलीतील राख असे सर्व उपाय गुरुजींनी करून पाहिले होते. ठिपके जागचे हलले नव्हते. तेव्हा त्यांच्या मनात संशय आला. चुलतबंधूंची केळीची बाग. फवारणीच्या औषधांचे डबे ते याच गाडीतून नेत असत. औषध सांडून काच कायमची खराब झाली असावी, अथवा गाडीला अपघात होऊन हलकी काच बसविली असावी, आणि विकताना ही गोष्ट आपणापासून लपविली गेली, असा त्यांचा ग्रह झाला. उलट चुलतबंधूंचे म्हणणे असे की, गाडी दिली तेव्हा काच निर्मळ होती, गुरुजींनीच राख घासून ती बिघडविली. शब्दाने शब्द वाढला. दोन्ही घरांचे जाणे-येणे थांबले होते, आणि मोठ्या घरातील मुलीचे लग्न अवघ्या दोन महिन्यांवर येऊन ठेपले होते. ‘तुम्ही माहिती खात्याचे. यातले खरे काय ते तुम्हीच सांगा,’ असे गुरुजी म्हणाले.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. त्या क्षणी त्यास काहीच सांगता आले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र ‘चौकशी करून कळवितो’ असे आश्वासन दिले आणि ते पाळले. त्या चौकशीत जे समजले ते अन्य वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे. उत्तर प्रथमच सांगून टाकावे. ते ठिपके डाग नव्हेत. औषधाने, राखेने वा अपघाताने ते पडलेले नसतात. काच कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच ते तिच्या अंगात असतात, आणि ज्या क्रियेमुळे ती काच माणसाचा जीव वाचविण्यास समर्थ होते त्याच क्रियेची ती खूण होय.

काचेच्या पोटातील ओढाताण

वीज गेली की कंदील लावण्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडताच ती कशी तडकत असे हेही आठवत असेल. काच उष्णतेची मंदवाहक आहे. थेंब पडला तेवढीच जागा एकाएकी निवते व आक्रसू पाहते. शेजारची तप्त काच तिला आक्रसू देत नाही. या ओढाताणीत काचेला तडा जातो. काचेच्या धंद्यातील निम्मे कौशल्य या एका गोष्टीभोवती फिरते. लोकांनी पैसा पैसा जमवून उभारलेला तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना १९०८ साली सुरू झाला आणि कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा कारखाना १९१६ साली. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. चिमणी असो की बरणी, घडविलेली काच भट्टीतून काढून लगेच उघड्यावर ठेवून चालत नाही. ती वेगळ्या भट्टीत हळूहळू निवू द्यावी लागते, म्हणजे तिच्या पोटात ओढाताण शिल्लक उरत नाही. या क्रियेस अनुशीतन असे म्हणतात. घाईने निवविलेली बरणी फडताळात ठेवल्या ठेवल्या कोणाचा हात न लागता फुटू शकते.

परंतु जी ओढाताण काचेचा घात करते तीच योग्य रीतीने योजली असता काचेला बळही देते. याचा पहिला नमुना युरोपात सतराव्या शतकात लोकांच्या कुतूहलाचा विषय झाला होता. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला असता लांब शेपटीचा टपोरा मणी तयार होतो. त्या मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, मात्र शेपटीचे टोक मोडताच संपूर्ण मण्याचा क्षणार्धात भुगा होतो. राजपुत्र रूपर्ट याने असे मणी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दाखविले आणि १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांची परीक्षा झाली. थोरामोठ्यांच्या दरबारातील ही गंमत दोनशे वर्षे गंमतच राहिली. १८७४ साली द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थाने तापलेली काच गरम तेलात बुडवून ती बळकट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकात तेलाची जागा हवेच्या झोतांनी घेतली.

सांप्रत मोटारींच्या बाजूच्या व मागील काचा याच रीतीने तयार होतात. धंद्यात त्यांना ‘टफन्ड’ काच म्हणतात. आपल्याकडे पुण्याजवळ भोसरी येथे मोटारींच्या काचांचे काम चालते. कृती थोडक्यात अशी. काच आधी हव्या त्या मापाची कापून, कडा घासून घेतात. मग ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. या तापमानाला ती लवचीक होते व तिला हवा तो बाक देता येतो. त्यानंतर ती भट्टीबाहेर येताच वरून व खालून शेकडो तोट्यांमधून तिच्यावर थंड हवेचे जोराचे झोत सोडतात. काही सेकंदांतच काम होते.

या काही सेकंदांत काय घडते ते ध्यानात घेतले पाहिजे. काचेचे दोन्ही पृष्ठभाग झोताने आधी थिजतात, आतील गाभा मात्र अद्याप तप्त व मऊ असतो. गाभा मागाहून निवू लागतो आणि निवताना आक्रसू पाहतो. पण वरचे थर आधीच कडक झालेले असल्याने त्याला मोकळेपणी आक्रसता येत नाही. तो त्यांना आत खेचीत राहतो आणि ते थर दाबले जातात. पृष्ठभागी दाब व गाभ्यात ताण असा हा कायमचा झगडा त्या काचेत कोंडला जातो. पृष्ठभागावरील हा दाब थोडाथोडका नव्हे. दर चौरस सेंटिमीटरला साधारणपणे सातशे ते हजार किलोग्रॅम इतका तो असतो.

या दाबाने बळ कसे येते? काच फुटते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखडे ताणले जाऊन उघडतात म्हणून. बांधकामावरील मजूर आठ-दहा विटांची रांग दोन्ही टोकांकडून हातांनी घट्ट दाबून उचलतो तेव्हा मधल्या विटा खाली पडत नाहीत, कारण दाबामुळे त्यांच्यामधील फटी उघडू शकत नाहीत. टफन्ड काचेचा पृष्ठभाग असाच दाबून धरलेला असतो. बाहेरून धक्का बसला तर आधी हा दाब नाहीसा व्हावा लागतो, तेव्हा कोठे ओरखडा उघडण्याची वेळ येते. म्हणून ही काच साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट ठरते. आपला लोहार विळ्याला पाणी देतो त्याची येथे आठवण होईल. तापवून एकदम निवविणे दोहोंत आहे खरे, पण लोखंडात त्यामुळे आतील घडणच पालटते. काचेची घडण तीच राहते, फक्त तिच्यात झगडा कोंडला जातो.

आणि एकदा का एखादा तडा पृष्ठभागाचा थर भेदून गाभ्यापर्यंत पोचला, की हा कोंडलेला झगडा मोकळा होतो. तडे सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पसरतात व संपूर्ण काचेचे ज्वारीच्या दाण्यांहून थोडे मोठे, बोथट कडांचे तुकडे होतात. साध्या काचेच्या सुरीसारख्या धारदार फाळक्या माणसाच्या गळ्यात घुसतात. या तुकड्यांनी फार तर खरचटते. याच कारणास्तव ही काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न करणाराच्या हाती काच न राहता रास राहते.

ठिपके दिसतात कसे

हवेचे झोत तोट्यांतून येतात असे वर म्हटले आहे. ठिपक्यांचे मूळ तेथेच आहे. तोटीच्या नेमके समोर जो भाग येतो तो किंचित अधिक वेगाने निवतो, दोन तोट्यांच्या मधला भाग किंचित सावकाश. हा फरक कमी व्हावा म्हणून कारखान्यात काच मागेपुढे हलवीत ठेवण्याची योजना असते. तथापि तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. साहजिकच काचेतील दाबही सर्वत्र अगदी सारखा राहत नाही. जेवढ्या तोट्या तेवढे ठिपके, आणि तोट्यांची मांडणी रांगेत असल्यामुळे ठिपकेही रांगेत.

बुऱ्हाणपूरच्या वाचकांस हे समजण्यास एक चांगले उदाहरण घरचेच आहे. तेथील कुंडी भंडारा ही मोगल काळातील पाणीपुरवठ्याची योजना. सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी जमिनीखालील भुयारातून शहराकडे आणलेले आहे. ते भुयार वरून चालणाराला दिसत नाही. दिसते ती फक्त एका ओळीत मांडलेल्या गोल कुंड्यांची रांग. त्या कुंड्यांवरून खालच्या पाण्याची वाट ओळखावयाची. काचेतील ठिपके असेच आतील दाबाची मांडणी वर दाखवितात. फरक इतकाच की, कुंड्या केव्हाही दिसतात, ठिपके मात्र विशिष्ट प्रकाशातच दिसतात. गुरुजी व त्यांचे चुलतबंधू यांच्या भांडणाचे कारणही हेच. एकाने पाहिले तेव्हा ठिपके होते, दुसऱ्याने पाहिले तेव्हा नव्हते. खोटे कोणीच बोलत नव्हते.

हा विशिष्ट प्रकाश म्हणजे ‘ध्रुवित’ प्रकाश. शब्द अवघड असला तरी गोष्ट अवघड नाही. गुराचे दावे एका टोकास खुंटीला बांधून दुसरे टोक हातात धरून झटकले तर त्यात लाट उठते. हात वरखाली हलविला तर उभी लाट, आडवा हलविला तर आडवी. प्रकाशही लाटेसारखाच असून सूर्यापासून थेट येणाऱ्या प्रकाशात उभी, आडवी, तिरपी अशी सर्व दिशांची कंपने एकत्र मिसळलेली असतात. आता ते दावे उभ्या गजांच्या फाटकातून ओवले आहे अशी कल्पना करा. उभी लाट गजांमधून पलीकडे जाईल, आडवी अडेल. अशा एखाद्या फाटकातून गाळून निघालेला, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा जो प्रकाश तो ध्रुवित प्रकाश होय.

हे फाटक निसर्गात अनेक ठिकाणी आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये माल्यूस हा फ्रेंच अभियंता आपल्या घरातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे पाहत होता. मावळत्या सूर्याचे प्रतिबिंब त्या खिडक्यांच्या काचांत पडले होते आणि माल्यूसच्या हाती कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक होता. (हा खनिज आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतूनही सापडतो.) या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे डेन्मार्कच्या बार्टोलिनने १६६९ मध्येच नोंदविले होते. माल्यूसने स्फटिक फिरविला तेव्हा सूर्याच्या त्या दोन प्रतिमा आळीपाळीने मंद व तेजस्वी होऊ लागल्या. काचेवरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, हा शोध अशा रीतीने संध्याकाळच्या उन्हात उजळलेल्या एका खिडकीपुढे लागला. पुढे डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास असे दाखवून दिले की, साधी काच दाबली असता तीही कॅल्साइटसारखी वागू लागते. तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाच्या कंपनाचे रूप दाबाच्या मानाने बदलते. आपल्या ठिपक्यांचे संपूर्ण स्पष्टीकरण ब्रूस्टरच्या या शोधात आहे.

आता मोटारीकडे वळू. निळ्या आकाशाकडून येणारा प्रकाश हवेच्या कणांवरून विखुरलेला असतो व सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या पट्ट्यात तो बऱ्याच अंशी ध्रुवित असतो. सूर्य पूर्वेस किंवा पश्चिमेस क्षितिजाजवळ असता हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. (माणसाच्या डोळ्याला तो कळत नाही. मधमाशीला कळतो व त्यावरून ती पोळ्याची दिशा ठरविते, हे कार्ल फोन फ्रिश यांनी १९४९ साली सिद्ध केले.) डोक्यावरील आकाशाचा हा गाळलेला प्रकाश मोटारीच्या उतरत्या मागील काचेत शिरतो. जेथे दाब कमीअधिक तेथे त्याच्या कंपनात कमीअधिक फेर पडतो. मग तो काचेच्या आतल्या पृष्ठभागावर तिरपा आपटून परत आपल्या डोळ्याकडे येतो, तेव्हा तो तिरपा पृष्ठभाग दुसऱ्या फाटकाचे काम करतो. काचेच्या लंबाशी सुमारे ५६ अंशांचा कोन असता हे काम सर्वांत चांगले होते. पहिले फाटक आकाशाचे, दुसरे काचेचे, मधे दाबाचा फेर. ज्या जागी फेर पडला तेथून अधिक प्रकाश सुटतो, अन्यत्र कमी, आणि काळेपांढरे, कधी निळसर ठिपके उमटतात.

डोळ्यांवर पोलरॉइड चष्मा असेल तर दुसरे फाटक अधिकच चोख होते. एडविन लँड या विशीतील अमेरिकन तरुणाने १९२९ साली अशा पारदर्शक पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज रस्त्यावरील पाण्याची व काचांची तिरीप टाळण्यासाठी जो चष्मा वापरतात त्यात हाच पापुद्रा असतो. प्रत्येक काळा चष्मा पोलरॉइड नसतो. त्यामुळे एकाच गाडीत बसलेल्या दोघांपैकी एकास ठिपके दिसावेत व दुसऱ्यास दिसू नयेत असेही घडते.

आकाश ढगांनी भरले, गाडी शेडमध्ये वा झाडाच्या गर्द सावलीत उभी केली, की पहिले फाटक नाहीसे होते व ठिपके अदृश्य होतात. हे वाक्य लिहिताना प्रस्तुत लेखकास स्वतःची फजिती आठवते. काही वर्षांपूर्वी त्याच्याही गाडीच्या मागील काचेत असेच ठिपके दिसले होते. एका गॅरेजवाल्याने ते ‘पाण्यातील क्षाराचे डाग’ असल्याचे निदान करून पॉलिश करण्याचे ठरविले. पत्र्याच्या शेडमध्ये तासभर यंत्र फिरले. पाहिले तो काच निष्कलंक! पैसे चुकते केले, समाधानाने घरी निघालो आणि गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर येताच सर्व ठिपके आपापल्या जागी हजर. त्या कारागिराने फसविले असे म्हणवत नाही, कारण शेडमध्ये त्यालाही ते दिसत नसणार. मात्र घासल्याने पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात व ते नंतर जात नाहीत, हे उघड आहे. काचेच्या आतील दाबाची मांडणी बाहेरून कितीही घासले तरी बदलत नाही. ती पुन्हा भट्टीत तापविली तरच बदलेल, आणि तसे केल्यास तिचे बळही त्याबरोबर जाईल.

टफन्ड काचेच्या युरोपीय मानकात (ईएन १२१५०) तर अशा खुणा हा दोष नसून केवळ दिसणारा परिणाम आहे, असे स्पष्टच नमूद केले आहे. तेव्हा ठिपके दिसतात एवढ्यावरून काच बदलण्याचा खर्च करू नये, अथवा जुन्या गाडीची किंमत पाडूनही मागू नये.

शाळेत करून पाहण्याजोगे

या विषयावर वर्गात नुसते बोलण्यापेक्षा प्रयोग करणे सोपे आहे. शाळेतील संगणकाच्या सपाट पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे. या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. पोलरॉइड चष्मा डोळ्यांपुढे धरून हळूहळू फिरवावा. एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा पडेल. (चष्मा खरोखर पोलरॉइड आहे की नाही याची हीच परीक्षा. काळा पडत नसेल तर तो नुसता रंगीत चष्मा.) पडदा काळा असताना कंपास पेटीतील पारदर्शक प्लॅस्टिकचा गुण्या अथवा कोनमापक मधे धरावा. साध्या डोळ्यांना पाण्यासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या त्या गुण्यात लाल, हिरव्या, जांभळ्या रंगांचे पट्टे झळकू लागतील. कोपऱ्यांशी व भोकाभोवती पट्ट्यांची दाटी होईल, कारण साच्यात प्लॅस्टिक निवताना तेथे अधिक दाब राहून गेलेला असतो. गुण्या बोटांनी किंचित वाकविला तर रंग सरकतानाही दिसतील. यंत्राच्या भागांत कोठे किती भार येतो हे अभियंते पारदर्शक नमुने करून याच युक्तीने पाहत आले आहेत. विद्यार्थ्यांना एक ताकीद मात्र आवर्जून द्यावी. कोणत्याही काळ्या चष्म्यातून, पोलरॉइड असला तरी, सूर्याकडे थेट पाहावयाचे नाही.

पुढची काच वेगळी

हा प्रयोग मोटारीवर करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येईल की, पुढच्या काचेत बहुधा हे ठिपके आढळत नाहीत. ती काच निराळी असते. सावकाश निवविलेल्या दोन पातळ काचांमध्ये प्लॅस्टिकचा चिवट पापुद्रा बसवून ती केलेली असते. या काचेची कल्पना १९०३ साली बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञास आतून रसायनाचा पापुद्रा धरलेली काचेची कुपी हातून पडल्यावर सुचली. कुपी तडकली, पण तिचे तुकडे विखुरले नाहीत. पूर्वी कित्येक गाड्यांची पुढची काचही टफन्ड असे. समोरून खडा उडून लागला की क्षणात संपूर्ण काच पांढरी पडे व धावत्या गाडीच्या चालकास रस्ता दिसेनासा होई. पापुद्र्याची काच तडकली तरी जागेवर राहते व तिच्यातून दिसत राहते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये मोटारीच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्या लागतात. पुढील व मागील काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

दोन काचांतील हा फरक प्रसंगी जिवाशी गाठ घालतो. तापीकाठच्या भागात पावसाळ्यात नाल्यांना एकाएकी लोंढा येतो आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असता गाडी घालण्याचे अविचारी धाडस काहीजण करतात. तसे मुळीच करू नये. तथापि गाडी पाण्यात सापडलीच, तर प्रथम पट्टा सोडून बाजूची काच तत्काळ खाली करावी व बाहेर पडावे. पाणी दाराला लागल्यावर दार उघडण्याची खटपट करीत बसू नये. बाहेरील पाण्याच्या रेट्याने ते उघडत नाही. काच खाली होत नसेल तर ती फोडावी लागते, आणि येथे पुष्कळ जण घाबरून पुढच्या काचेवर लाथा मारू लागतात. पापुद्र्याची ती काच तडकेल, पण वाट देणार नाही. फोडावयाची ती बाजूची अथवा मागची टफन्ड काच. तीदेखील मुठीने वा कोपराने सहसा फुटत नाही. बोथट जोर ती सहन करते. अणकुचीदार टोकाचा घाव तिला सहन होत नाही. म्हणून टोकदार पोलादी हातोडी गाडीत हाताशी बाळगावी व घाव काचेच्या मध्यावर न घालता कोपऱ्याजवळ घालावा. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही पापुद्र्याच्या असतात. काचेच्या कोपऱ्यात छापलेली खूण व ठिपक्यांची तपासणी यांवरून आपली काच कोणत्या जातीची आहे हे आधीच पाहून ठेवता येते. एरवी निरुपयोगी वाटणाऱ्या ठिपक्यांचा हा एक उपयोगच म्हणावयाचा.

संक्रांतीनंतर प्रस्तुत लेखक पुन्हा जसोंडीस गेला. गुरुजींनी निरोप धाडून चुलतबंधूंना शाळेत बोलावून घेतले होते. ते आले, पण दाराशीच उभे राहिले. संगणकाच्या पडद्यापुढे गुण्याचे रंग पाहून मुलांनी जो गलका केला तो ऐकून ते आत सरकले व त्यांनी चष्मा मागून घेतला. वर सांगितलेली सर्व हकीकत त्यांनी मुकाट्याने ऐकली. ती त्यांस कितपत पटली हे चेहऱ्यावरून कळेना. सायंकाळी सर्व मंडळी बाहेर आली तेव्हा गुरुजींच्या जुन्या गाडीशेजारी चुलतबंधूंची नवी गाडी उभी होती. दोन महिन्यांपूर्वीच घेतलेली, काचेवरील कागदी चिठ्ठीदेखील अजून काढलेली नव्हती. आकाश स्वच्छ होते. जुन्या काचेकडे एकवार पाहून ते आपल्या गाडीच्या मागे गेले, चष्मा डोळ्यांवर धरून मान तिरपी केली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

‘दादा,’ ते शेवटी म्हणाले, ‘हिच्यात तर तुमच्या गाडीपेक्षा जास्त आहेत.’

गुरुजी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. ठिपक्यांच्या रांगा नेमक्या किती, यावर दोघांचे एकमत होईना. एक चष्मा आळीपाळीने घेऊन ते पुन्हा पुन्हा मोजीत होते, आणि मोजणी पुरी होण्यापूर्वीच दिवेलागण झाली.